आयफोन १५ की गॅलेक्सी एस२४ : स्क्रीन कुणाची सरस?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आयफोन १५ आणि गॅलेक्सी एस२४ हे दोन्ही फोन सेलमध्ये जवळपास एकाच किमतीला मिळताहेत. कॅमेरा, बॅटरी सगळं बघून झालं आणि आता गाडं स्क्रीनपाशी अडलंय. आयफोनच्या कागदावर उजेड २००० निट्स, सॅमसंगच्या २६००. आयफोनला ४६० पीपीआय, म्हणजे इंचाला ४६० ठिपके, सॅमसंगला ४१६. आयफोन ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा, सॅमसंग १२०चा. दुकानात शेजारी ठेवून पाहिले तर सॅमसंग जास्त उठावदार वाटला, पण ओळखीतले लोक सांगतात की आयफोनचे रंग खरे. विचारणारे सिव्हिल इंजिनिअर आहेत, म्हणजे दिवसभर साईटवर उन्हात ड्रॉइंगच्या पीडीएफ उघडायच्या आणि रात्री अंथरुणात वाचायचं. वर एक उपप्रश्न : मिसेसना रात्री फोनवर वाचताना डोकं दुखतं, त्याचा स्क्रीनशी काही संबंध आहे का?

माझा धंदा फोनचे डिस्प्ले बदलण्याचा. जोडीला फोटोग्राफर आणि छापखानेवाल्यांचे मॉनिटर कॅलिब्रेट करून देतो, त्यामुळे रंग मोजायचं यंत्र टेबलावर कायम असतं आणि फोनवरही सारखं टेकवून बघायची सवय लागली आहे.

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. उन्हात या दोघांत एकोणीस-वीसचाच फरक आहे, २००० आणि २६०० या आकड्यांवर निर्णय घेऊ नका. रंगात आयफोन पेटीतून काढल्याबरोबर बरोबर असतो, सॅमसंगला एक सेटिंग बदलावं लागतं. स्क्रोलिंगमध्ये सॅमसंग सरळसरळ पुढे आहे आणि तो फरक रोज, दर मिनिटाला हाताला जाणवतो. तुमचं काम बघता मी एस२४ घेईन. मिसेसच्या डोकेदुखीवर मात्र दोन्ही फोन औषध नाहीत, त्यांचं वेगळं बघावं लागेल.

आता दुकानात दिसलं त्याबद्दल. तिथली तुलना तुलनाच नव्हे. मांडलेले फोन डेमो मोडमध्ये असतात : ब्राइटनेस पूर्ण, काळ्या पार्श्वभूमीवर भडक रंगांची चित्रफीत फिरतेय, आणि प्रत्येक कंपनीची चित्रफीत तिच्याच स्क्रीनला शोभेल अशी बेतलेली. शिवाय दोन स्क्रीन शेजारी ठेवल्या की जी जास्त उजळ आणि किंचित निळसर असेल ती डोळ्याला "स्वच्छ पांढरी" वाटते आणि शेजारची पिवळट. घरी एकटी वापरली तर तीच पिवळट स्क्रीन दहा मिनिटांत पांढरी दिसू लागते, कारण डोळा जुळवून घेतो. टीव्हीच्या शोरूममध्ये वर्षानुवर्षं याच जोरावर माल खपतोय.

खरी तुलना करायची तर दोन्ही फोन आधी एका पातळीवर आणावे लागतात. ऑटो ब्राइटनेस बंद. रंग आपोआप बदलणाऱ्या सोयीही बंद : आयफोनवर ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट, सॅमसंगवर आय कम्फर्ट शील्ड. सॅमसंगचा स्क्रीन मोड नॅचरल. मग दोन्हींवर एकच फाइल उघडायची, आणि ती स्वतः पाठवलेली. प्रत्येकाने काढलेला फोटो त्याच्याच गॅलरीत बघायचा नाही. दोन्ही फोन आपापल्या फोटोंना एचडीआरची झळाळी देतात, म्हणजे फोटोतला उजळ भाग बाकी स्क्रीनपेक्षाही जास्त पेटतो. तिथे तुलना स्क्रीनची न राहता गॅलरी ॲपची होते. उजेड सारखा करायला यंत्र लागत नाही. तिसऱ्या फोनचा कॅमेरा प्रो मोडवर टाका, आयएसओ आणि शटर एका जागी ठेवा, पांढऱ्या पानासमोर तेवढ्याच अंतरावर धरा आणि दोन्ही फोटो सारखे उजळ येईपर्यंत एका फोनची ब्राइटनेस पट्टी सरकवा. इतकं केलं की दुकानात जाणवलेला फरक बहुतेक वेळा निम्म्यावर येतो.

निट्सचं प्रकरण थोडं खोलात सांगायला हवं, कारण सध्या सगळी जाहिरात त्याच्यावर चालते. निट म्हणजे एका चौरस मीटरला एक कँडेला, उजेडाचं साधं माप. पण छापलेला आकडा बहुतेक वेळा "पीक" असतो. ओएलईडी पॅनेलमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः जळतो आणि सगळ्यांना मिळून ठरावीक वीज मिळते. स्क्रीनचा छोटासा कोपरा उजळ आणि बाकी काळं असेल तर तो कोपरा खूप पेटवता येतो. पांढरंशुभ्र पान उघडलं की तीच वीज लाखो ठिपक्यांत वाटली जाते आणि उजेड उतरतो. रिअलमीने २०२४ मध्ये जीटी ६ वर ६००० निट्स लिहिले ते या पीकच्या हिशोबाने. तुमची ड्रॉइंग म्हणजे पांढऱ्या पानावर बारीक काळ्या रेषा, म्हणजे पीकच्या नेमकी उलट परिस्थिती. ॲपल निदान तीन आकडे वेगळे देते : आयफोन १५ ला नेहमीचा कमाल १०००, एचडीआरला १६०० आणि बाहेर उन्हात २०००. पुष्कळ कंपन्या त्यातला सगळ्यात मोठा तेवढा छापतात.

बरं, २६०० आणि २००० हे जसेच्या तसे खरे धरले तरी काय? उजेड दुप्पट झाला म्हणून डोळ्याला दुप्पट वाटत नाही, जेमतेम पाव भाग जास्त वाटतो. मग ३० टक्क्यांची वाढ डोळ्याला १० टक्क्यांच्याही आत भासणार. साईटवर ती कळणारसुद्धा नाही.

साईटवर कळतं ते परावर्तन. फोनची साधी काच तिच्यावर पडलेल्या उजेडातला सुमारे साडेचार टक्के परत फेकते. हा आकडा किरकोळ वाटतो, पण हिशोब करून बघा. भर दुपारच्या उन्हात साधारण १ लाख लक्स उजेड असतो. तुम्ही पांढरा शर्ट घालून फोन बघताय, शर्टावर थेट ऊन आहे. पांढरं कापड त्यातला ८० टक्के उजेड परत फेकतं असं धरलं तर शर्ट झाला जवळपास २५,००० निट्सचा. त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं, साडेचार टक्क्यांनी, म्हणजे सुमारे ११०० निट्स. हा उजेड स्क्रीनच्या काळ्यावरही पडतो आणि पांढऱ्यावरही. मग २००० निट्सच्या स्क्रीनवर पांढरं आणि काळं यांचं प्रमाण उरतं २.८ ला १, आणि २६०० वाल्यावर ३.४ ला १. कागदावर "दहा लाखांस एक" असा कॉन्ट्रास्ट छापलेला असतो, त्याचं उन्हात हे असं होतं.

आता तोच माणूस गडद निळा शर्ट घालून आला. गडद कापड १० टक्के उजेड परत फेकतं असं धरा. प्रतिबिंब उरतं साधारण १४० निट्सचं आणि २००० निट्सच्या फोनवर प्रमाण जातं १५ ला १ वर. फोन बदलून जे मिळालं ते सव्वा पट, शर्ट बदलून मिळालं ते पाच पट. मी हे गमतीने सांगत नाही. ड्रॉइंग वाचताना उन्हाकडे तोंड करू नका, पाठ करा, म्हणजे शर्टाची पुढची बाजू सावलीत येते आणि काचेतला पांढरा डाग जातो. सूर्य मागून थेट काचेवर चमकू नये म्हणून फोन आपल्या अंगाच्या सावलीत धरायचा, बस्स. आणि उन्हात डार्क मोड बंद ठेवा. काळ्या पानावर प्रतिबिंब सगळ्यात ठळक दिसतं. पांढऱ्या पानावर स्क्रीनचा स्वतःचा उजेड त्याच्याशी झुंजतो तरी.

काचेचं परावर्तन कमी करणं हाच उन्हावरचा खरा इलाज, आणि तो या दोन फोनांत नाही. त्याच मालिकेतल्या एस२४ अल्ट्राला कॉर्निंगची गोरिला आर्मर काच आहे. तिच्यावरचं परावर्तन ७५ टक्क्यांपर्यंत कमी होतं असा कंपनीचा दावा आहे, आणि अल्ट्रा शेजारी ठेवला की फरक उघड दिसतो : साध्या काचेत छतावरची ट्यूब पांढरीफेक, अल्ट्रामध्ये मळकट जांभळट. वरचाच हिशोब तिच्यावर लावला तर पांढऱ्या शर्टातही प्रमाण १० ला १ च्या आसपास जातं. दिवसाचे सहा तास उन्हात फोन बघायचा असेल आणि आकाराचं वावडं नसेल, तर त्या पैशांत वापरलेला एस२४ अल्ट्रा शोधणं हा माझ्या मते या दोघांपेक्षा शहाणा सौदा आहे. तुम्ही ते विचारलं नव्हतं, तरी सांगून ठेवतो.

उन्हाची दुसरी बाजू म्हणजे ताप. ॲपल आयफोनसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस सांगते. एप्रिल-मे मध्ये विदर्भात पारा ४५ ला टेकतो, आपल्याकडेही चाळिशी नवलाची नाही. फोन तापला की तो स्वतःच स्क्रीनचा उजेड उतरवतो, मग कागदावर काहीही लिहिलेलं असो. सॅमसंगही तेच करतो. म्हणून २००० काय किंवा २६०० काय, हा आकडा काही मिनिटांचा पाहुणा. जाड रबरी कव्हर काढून ठेवलं, चार्जिंग आणि हॉटस्पॉट एकदम चालू ठेवले नाहीत, तर तो जरा जास्त वेळ टिकतो. आणखी एक, हा जादा उजेड मिळायला ऑटो ब्राइटनेस चालू असावा लागतो. मघाशी तुलनेसाठी बंद केलेला परत चालू करायला विसरू नका. "फोन उन्हात दिसत नाही" म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकांत निम्म्यांचा स्क्रीन धडधाकट असतो, बॅटरी वाचवायला कुणीतरी ऑटो बंद करून ठेवलेलं असतं. सॅमसंगमध्ये ऑटो बंद असताना एक्स्ट्रा ब्राइटनेस नावाचं वेगळं बटण मिळतं. आयफोनमध्ये तशी सोय नाही.

आणि गार्ड! पन्नास हजारांच्या आसपासचा फोन घ्यायचा आणि त्याच्यावर दीडशे रुपयांचा प्रायव्हसी गार्ड चिकटवायचा, हे मी रोज बघतो. प्रायव्हसी गार्ड बाजूने येणारा उजेड अडवतो तसा समोरूनही भरपूर खातो. मॅट गार्डने प्रतिबिंब विखुरतं, पण पांढऱ्या पानावर इंद्रधनुषी कचकच येते आणि बारीक अक्षर मऊ पडतं. फक्त कडांना चिकटणारा गार्ड सगळ्यात वाईट, कारण मधे हवा राहते आणि जास्त पृष्ठभाग चमकू लागतात. पूर्ण गोंदाचा साधा स्वच्छ टेम्पर्ड लावा. दोन फोनांमधला फरक एका चुकीच्या गार्डने पुसून निघतो.

पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर तो घेऊनच दुकानात जा. गॉगल लावून फोन उभा आणि आडवा, दोन्हीकडे फिरवून बघा. काही स्क्रीन एका बाजूला काळ्या पडतात किंवा रंगीबेरंगी होतात. हे कुठल्याच कागदावर छापलेलं नसतं.

रंगांकडे वळू. वेबवरचे फोटो, व्हॉट्सॲपवरची चित्रं बहुतेक एसआरजीबी या १९९६ च्या मापात असतात. नवे फोन डीसीआय-पी३ पर्यंत जातात, जे सिनेमाच्या डिजिटल प्रक्षेपणासाठी ठरवलेलं माप, क्षेत्रफळाने साधारण पाव हिस्सा मोठं. मोठं माप असणं चांगलंच, पण एसआरजीबीचा फोटो ताणून त्या मोठ्या मापात बसवला की पोपटी अधिक पोपटी होतो आणि माणसाचा चेहरा उन्हात भाजल्यासारखा लाल. सॅमसंगचा व्हिव्हिड मोड थोडाफार हेच करतो, आणि पेटीतून फोन त्याच मोडवर येतो. नॅचरल मोड केलात की एस२४ आणि आयफोन १५ यांच्या रंगांतला फरक यंत्राने मोजावा लागेल इतका कमी होतो. पांढराही ६५०० केल्विनच्या जवळ येतो, जो वेब आणि व्हिडिओवाल्यांचा मानक पांढरा. पहिले दोन दिवस तो पिवळट वाटेल, तिसऱ्या दिवशी विसराल.

गंमत म्हणजे खरे रंग लोकांना आवडतातच असं नाही. २०१७ साली गूगलने पिक्सेल २ एक्सएल संयमी रंगांत आणला, तर इतकी ओरड झाली की सॉफ्टवेअर अपडेटमधून "सॅच्युरेटेड" नावाचा भडक मोड द्यावा लागला. एस२४ च्या वेळीही तेच : जानेवारी २०२४ मध्ये फोन आले, व्हिव्हिड मोड आधीच्या फोनांइतका भडक नाही अशा तक्रारी झाल्या आणि सॅमसंगने लगेच भडकपणा कमी-जास्त करायची पट्टी देऊन टाकली. तेव्हा "आयफोनचे रंग खरे, सॅमसंगचे खोटे" हे वाक्य अर्धंच बरोबर. सॅमसंग निवड देतो आणि लोक भडक निवडतात, तर आयफोन निवडच देत नाही. ज्यांचा धंदा रंगावर चालतो, म्हणजे फोनवरून पैठण्या विकणारे येवल्याचे व्यापारी किंवा लग्नाचे फोटोग्राफर, त्यांना मी एवढंच सांगतो की फोन कुठलाही घ्या, पण व्हिव्हिडमध्ये बघून गिऱ्हाइकाला रंग कबूल करू नका.

आयफोनची एक जमेची बाजू इथेच सांगायला हवी : तो डॉल्बी व्हिजन, म्हणजे सिनेमांचा एक एचडीआर प्रकार, दाखवतो, सॅमसंगचे फोन दाखवत नाहीत, त्यांच्याकडे एचडीआर१०+ आहे. फोनवर बरेच सिनेमे बघत असाल तर याला वजन द्या. तुमच्या प्रश्नात सिनेमाचा उल्लेख नाही, म्हणून मी दिलं नाही.

पीपीआयबद्दल फार बोलण्यासारखं नाही. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सने आयफोन ४ चा ३२६ पीपीआयचा रेटिना डिस्प्ले दाखवताना सांगितलं की १० ते १२ इंचांवरून ३०० च्या पुढे डोळ्याला ठिपके दिसत नाहीत. स्क्रीन तपासणाऱ्या डिस्प्लेमेट कंपनीच्या रेमंड सोनिरांनी लगेच आक्षेप घेतला की तल्लख डोळ्यासाठी १२ इंचांवर ४७७ लागतील. तुमचे दोन्ही फोन या दोन आकड्यांच्या मधे बसतात आणि चष्मा लागलेल्या डोळ्याला ४१६ आणि ४६० यांत काही ओळखता येत नाही. खाचाखोचा बघायच्याच असतील तर ओएलईडीत लाल आणि निळे ठिपके हिरव्याच्या निम्मे असतात, म्हणून त्या दोन रंगांची घनता प्रत्यक्षात ३२५ आणि २९४ च्या आसपास भरते. परीक्षा घ्यायची असेल तर इंग्रजी अक्षरांवर घेऊ नका, मराठी ई-पेपर उघडा. पान पूर्ण दिसेल इतकं लहान करा आणि मग "राष्ट्र", "उद्धव", "कृत्य" असले शब्द शोधा. रकार, जोडाक्षर आणि ऋकार जिथे सुटे दिसतात तो स्क्रीन पास. स्वस्त एचडी+ फोन, म्हणजे ६.७ इंचाला १६०० बाय ७२०, जेमतेम २६२ पीपीआय, इथे हमखास नापास होतात. तुमचे दोन्ही होणार नाहीत.

मग उरतो हर्ट्झचा मुद्दा, आणि माझा कौल इथेच ठरला. ६० हर्ट्झवर स्क्रीन दर १६.७ मिलिसेकंदाला नवं चित्र दाखवतो, १२० वर दर ८.३ ला. सिनेमात फरक नाही, तो २४ किंवा ३० चित्रांचाच असतो. फरक आहे बोटाखालच्या हालचालीत. पीडीएफ हळूहळू वर सरकवत असतानाच त्यातली मापं वाचायचा प्रयत्न करा. ६० वर अक्षरांच्या कडा दुहेरी होतात आणि वाचायला थांबावं लागतं, १२० वर सरकत्या ओळीतला आकडा वाचता येतो. मोठं ड्रॉइंग इकडून तिकडे ओढताना हे दिवसातून शंभरदा होणार. शिवाय एस२४ चा स्क्रीन काम नसताना १ हर्ट्झपर्यंत उतरतो, त्यामुळे घड्याळ सतत दिसत राहण्याची सोय मिळते. आयफोन १५ मध्ये ती नाही. साध्या आयफोनला १२० हर्ट्झ यायला २०२५ चा आयफोन १७ उजाडावा लागला. आयफोनच हवा असा हट्ट असेल तर थोडं बजेट ताणून तिथे जा, त्याचा उन्हातला आकडाही ३००० आहे.

आता मिसेसची डोकेदुखी. संबंध असू शकतो. ओएलईडी स्क्रीन कमी उजेडावर नेताना बहुतेक फोन विजेचा प्रवाह फारसा कमी करत नाहीत. ते स्क्रीन भरभर चालू-बंद करतात आणि बंद असण्याचा वेळ वाढवतात. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. डोळ्याला लुकलुक दिसत नाही, पण काही जणांना तासाभराने कपाळ जड होतं, डोळे चुरचुरतात. रात्री ब्राइटनेस कमी, म्हणून त्रास रात्रीच जास्त. घरी तपासता येतं : खोली अंधारी करा, त्यांच्या फोनवर पांढरं पान उघडून ब्राइटनेस पाव भागावर आणा, दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोडवर शटर १/४००० करा आणि समोर धरा. रुंद, ठळक काळे पट्टे सरकताना दिसले तर लुकलुक संथ आणि खोल आहे. पट्टे बारीक, फिकट किंवा नसल्यासारखे असतील तर स्क्रीनवर आळ घेऊ नका, आधी डोळ्यांचा नंबर तपासून घ्या.

आयफोन १५ आणि एस२४ दोघांचीही लुकलुक सेकंदाला काही शेकड्यांत आहे. एलईडी दिव्यांसाठी आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेचं १७८९ क्रमांकाचं २०१५ चं मार्गदर्शन आहे. त्याच्या सूत्राने पूर्ण चालू-बंद होणारा उजेड साधारण १२५० हर्ट्झच्या पुढे कमी धोक्याचा आणि ३००० च्या पुढे निर्धोक धरला जातो. ते दिव्यांसाठी आहे, फोनसाठी नव्हे, पण अंदाजाला पुरतं. ऑनरचे काही फोन ३८४० आणि ४३२० हर्ट्झवर चालतात, इतर चिनी कंपन्यांचे बरेच १९२० किंवा २१६० वर. मिसेसना खरोखर त्रास होत असेल तर त्यांच्यासाठी यांपैकी एक, नाहीतर चांगला आयपीएस एलसीडीचा फोन बघा. एलसीडीत मागचा दिवा बहुधा स्थिर प्रवाहावर किंवा फार वेगाने चालतो. काळा रंग राखाडी दिसेल, पण रात्री वाचायला त्याने बिघडत नाही.

नवा फोन घ्यायचाच नसेल तर एक उपाय फुकटातला आहे. ब्राइटनेस पट्टी अर्ध्यावर ठेवायची आणि उजेड दुसऱ्या वाटेने उतरवायचा : आयफोनवर ॲक्सेसिबिलिटीमधलं रिड्यूस व्हाइट पॉइंट, सॅमसंगवर एक्स्ट्रा डिम. चित्रच गडद होतं, पॅनेल मात्र वरच्या पातळीवर चालत राहतं आणि लुकलुक सौम्य राहते. माझ्याकडच्या काही गिऱ्हाइकांची तक्रार एवढ्यावर मिटली, काहींची नाही मिटली.

फोन कुठलाही घेतला तरी पॅनेल बघून घ्या, कारण एकाच मॉडेलचे दोन नग सारखे नसतात. रात्री अंधारात, सगळ्यात कमी ब्राइटनेसवर, जवळपास काळ्या राखाडी रंगाचं एक सपाट चित्र पूर्ण स्क्रीनवर उघडा. एक बाजू गुलाबी, दुसरी हिरवट, किंवा मळलेल्या कापडासारखे डाग दिसले तर बदलीची मुदत असेतो परत करा. थोडं रवाळ दिसणं ओएलईडीत चालायचंच. ते अगदी कमी उजेडातच दिसतं, रोजच्या वापरात दिसत नाही, त्यावरून भांडत बसू नका.

सेलऐवजी वापरलेला घ्यायचं ठरलं तर आणखी दोन गोष्टी. पहिली, जळका डाग. ब्राइटनेस पूर्ण करून सपाट राखाडी पान उघडलं की खाली कीबोर्डची किंवा वर बॅटरीच्या चिन्हाची सावली दिसते का बघा. डिलिव्हरीच्या मुलांच्या आणि कॅबवाल्यांच्या फोनवर नकाशाची चौकट कायमची उमटलेली मी नेहमी बघतो. दिवसभर पूर्ण उजेडात एकच चित्र राहिलं की ते ठिपके बाकीच्यांपेक्षा आधी म्हातारे होतात, निळे सगळ्यात आधी. सॅमसंगवर डायलरमध्ये स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश टाकलं की चाचणीचा मेनू उघडतो. त्यात लाल, हिरवा, निळा वेगवेगळे बघता येतात आणि डाग निळ्यात हमखास सापडतो.

दुसरी, बदललेला डिस्प्ले. बाजारात त्याला फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतात आणि एकाच मॉडेलला तीन-चार दर्जांचे मिळतात. सगळ्यात स्वस्त तो ओएलईडीच्या जागी बसवलेला एलसीडी. तो ओळखायला सोपा : अंधारात काळं चित्र उघडलं तर स्क्रीन राखाडी चकाकतो, कडेची पट्टी जाड असते आणि सॅमसंगवर स्क्रीनमधलं फिंगरप्रिंट चालत नाही किंवा त्याचा पर्यायच गायब असतो. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे जा. डिस्प्ले बदललेला असेल तर पार्ट्सच्या इतिहासात नोंद दिसते, अस्सल नसेल तर अनोळखी भाग असा शेरा येतो आणि ट्रू टोन बहुधा गेलेला असतो. असा फोन स्वस्तात मिळत असेल तरी वर लिहिलेला एकही आकडा त्याला लागू नाही. ना २००० निट्स, ना पी३. विकणारा "डिस्प्ले नवाच टाकलाय" असं कौतुकाने सांगत असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची पावती मागा. पावती नसेल तर अस्सल डिस्प्लेची किंमत चौकशी करून फोनच्या किमतीतून वजा करा, आणि मगच भाव बोला.